७३७ च्या घरगुती कॉकपिटमधील मोटरवरचे ट्रिम चाक सारखे डोलते : निदान आणि उपाय

ऑटोपायलट लावलेला आहे, विमान एकाच उंचीवर स्थिर उडते आहे, आणि तरीही थ्रॉटल क्वाड्रंटच्या (इंजिनांच्या दांड्यांच्या खोक्याच्या) दोन्ही बाजूंची ट्रिम चाके, म्हणजे विमानाचे नाक हव्या त्या पातळीवर राहावे म्हणून शेपटीचा आडवा पंख जुळवणारी चाके, दर काही सेकंदांनी थोडी पुढे, थोडी मागे अशी फिरत राहतात. पुष्कळदा त्यांच्यामागोमाग विमानाचे नाकही वरखाली होऊ लागते. योकवरची, म्हणजे वैमानिकाच्या सुकाणूवरची, ट्रिमची कळ सोडल्यावर चाक जागच्या जागी थांबण्याऐवजी अर्धा फेरा पुढे जाऊन परत येते, हे याच दुखण्याचे दुसरे रूप आहे. बोइंग ७३७-८०० चे कॉकपिट घरी बांधून ज्यांनी ट्रिम चाकांना मोटर जोडली, त्यांच्यापैकी अनेकांना हा त्रास होतो आणि तो एकदाच होऊन संपत नाही. मोटर बदलली, ड्रायव्हर (मोटरला वीज देणारे सर्किट) बदलला, प्रोग्रॅममधले आकडे थोडे इकडचे तिकडे केले की चार दिवस सारे सुरळीत चालते. मग एखाद्या संध्याकाळी फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) सोडून धावपट्टीकडे वळावे, तर चाक पूर्वीसारखेच डोलू लागते.

दुखणे परतून येते, कारण या चाकाला एक नव्हे, चार वेगवेगळे वेग आहेत, आणि बहुतेक दुरुस्त्या त्यांपैकी एकाच वेगावर तपासून थांबवल्या जातात. त्याहून खोलातले कारण रचनेत असते. सिम्युलेटरमधला ट्रिमचा आकडा घ्यायचा, चाकाचे स्थान एन्कोडरने (चाक किती फिरले ते ठोक्यांनी सांगणाऱ्या सेन्सरने) मोजायचे आणि दोन्ही जुळेपर्यंत मोटर फिरवायची, ही पद्धत कागदावर निर्दोष दिसते आणि म्हणूनच बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. माझ्या मते ट्रिम चाकासाठी ती अनावश्यक आहे. चाक वेगावर चालवावे, ट्रिम किती आहे हे दाखवणारा चाकाशेजारचा काटा स्थानावर चालवावा, आणि ट्रिमच्या मूल्यावर कोणत्याही क्षणी एकाचाच हक्क असावा. पुढील सर्व निदान या रचनेच्या दिशेने जाणारे आहे.

चार वेगांचे गणित

खऱ्या ७३७ मध्ये स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) हलवणारी विजेची मोटर शेपटीत, जॅकस्क्रूजवळ (त्या पंखाला वरखाली करणाऱ्या लांब स्क्रूजवळ) असते. पेडेस्टलवरची, म्हणजे दोन आसनांमधल्या चौथऱ्यावरची, चाके तिला पोलादी केबलींनी जोडलेली असतात, त्यामुळे ती मोटर फिरली की चाकेही फिरतात आणि चाक हाताने फिरवले की तोच जॅकस्क्रू फिरतो. चाक, काटा आणि स्टॅबिलायझर ही तिन्ही एकाच यांत्रिक साखळीत असल्यामुळे त्यांच्यात मतभेद होण्याचा प्रश्न येत नाही. आपल्या कॉकपिटमध्ये ही साखळी नसते. तिच्या जागी यूएसबीची तार आणि काही आकडे असतात, आणि ते आकडे उशिरा पोहोचतात, गोल केलेले असतात किंवा दोन ठिकाणांहून एकदम येतात.

एनजी मालिकेत (७३७-८०० तिच्यातलेच) योकवरच्या कळीने ट्रिम केल्यास स्टॅबिलायझर फ्लॅप मिटलेले असताना सेकंदाला ०.२ युनिट (युनिट म्हणजे काट्याच्या पट्टीवरचा एक भाग) आणि फ्लॅप उघडलेले असताना ०.४ युनिट सरकतो. ऑटोपायलट ट्रिम करतो तेव्हा हेच वेग अनुक्रमे ०.०९ आणि ०.२७ युनिट असतात. एका युनिटला चाकाचे सुमारे १५ फेरे लागतात, असे धरले तर चाकाचा वेग ऑटोपायलटवर फ्लॅप मिटलेले असताना मिनिटाला ८१ फेरे, फ्लॅप उघडल्यावर २४३ फेरे, आणि हाताच्या कळीवर अनुक्रमे १८० आणि ३६० फेरे येतो. सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान यांच्यात जवळजवळ साडेचार पटींचे अंतर आहे. स्थान जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ८१ फेऱ्यांवर गुळगुळीत चालेल असे प्रमाण ठेवले, तर ३६० फेऱ्यांवर चाक मागे पडते आणि कळ सोडल्यावरही फिरत राहते. ३६० ला पुरेल असे प्रमाण ठेवले, तर संथ वेगावर ते लक्ष्याच्या पुढे जाते, परत येते, पुन्हा पुढे जाते. यावर अनेक जण पीआयडीचे (चूक पाहून मोटरचा जोर ठरवणाऱ्या सूत्राचे) तीनही गुणांक फिरवत बसतात आणि आगीतून फुफाट्यात पडतात.

दुसरीही एक अडचण आहे. एक उड्डाण ७ युनिटवर संपले आणि नवीन उड्डाण ४ युनिटवर उघडले, तर स्थान जुळवणारे चाक पडद्यावर काहीही घडत नसताना ४५ फेरे मारत सुटते. हे पाहून पुष्कळांना मोटर बेकाबू झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती दिलेला हुकूम निमूटपणे पाळत असते. पंधरा फेऱ्यांना एक युनिट असलेल्या चाकावर रंगवलेला पांढरा पट्टा नेमका वर आहे की खाली, याला वैमानिकाच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही. त्याला हवे असते ते चाकाची दिशा, त्याचा वेग, त्याचा आवाज आणि काट्याचे नेमके स्थान.

आधी ट्रिमचे मालक मोजावेत

निदानाची सुरुवात स्क्रूड्रायव्हरने करू नये. मोटरचा वीजपुरवठा बंद ठेवावा, चाकाचा एन्कोडर काढून ठेवावा, विमान ऑटोपायलटवर सरळ उडवावे आणि सिम्युलेटरमधला ट्रिमचा आकडा पडद्यावर पाहत राहावे. आकडा तरीही सतत बदलत असेल, तर चाकाचा त्यात काही दोष नाही आणि मोटरला हात लावण्याचे कारण नाही.

अशा वेळी सर्वाधिक आढळणारा दोषी म्हणजे कुठल्यातरी जॉयस्टिकचा किंवा थ्रॉटलचा न वापरलेला अक्ष. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर नवीन उपकरण जोडल्यावर त्याला स्वतःहून काही नेमणुका देतो, आणि त्यांत एखादा फिरता खटका ट्रिमच्या अक्षाला जोडला जाऊ शकतो. त्या खटक्याचा पोटेन्शिओमीटर जुना असेल तर तो न हलवताही थरथरता आकडा पाठवत राहतो, आणि प्रत्येक थरथर ट्रिमचे मूल्य थेट बदलते. एफएसयूआयपीसीमध्ये (उपकरणे सिम्युलेटरला जोडणाऱ्या जोडप्रोग्रॅममध्ये) आणि सिम्युलेटरमध्ये एकच अक्ष दोनदा नेमलेला असणे हीदेखील नेहमीची गोष्ट आहे. सर्व उपकरणांच्या नेमणुका एकेक करून उघडाव्यात, ट्रिमशी संबंधित प्रत्येक नोंद पुसावी आणि जी खरोखर हवी आहे, म्हणजे योकवरची कळ, तेवढीच परत लिहावी.

आकडा स्थिर असेल, तर एन्कोडर जोडावा. मोटर बंदच ठेवावी. चाकाला कुणी हात लावलेला नसताना आकडा आता हलू लागला, तर एन्कोडरच्या तारेत गोंगाट शिरतो आहे. एन्कोडर वाचणाऱ्या आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या चिपमधला पुल-अप रोध (तार मोकळी असताना तिला ५ व्होल्टवर धरणारा) २० ते ५० किलोओहम इतका असतो आणि मीटरभर लांब तारेसाठी तो अपुरा पडतो. बाहेरून ४.७ किलोओहमचा रोध ५ व्होल्टला जोडावा, शिल्डेड (धातूच्या जाळीचे वेष्टन असलेली) तार वापरावी आणि तिचे शिल्ड एकाच टोकाला जमिनीला जोडावे.

मोटर आणि एन्कोडर एकमेकांना चिथावतात तेव्हा

वरच्या दोन्ही चाचण्यांत आकडा स्थिर राहिला आणि मोटर चालू करताच डोलणे सुरू झाले, तर सापळा पुढीलप्रमाणे असतो. ऑटोपायलट ट्रिम किंचित बदलतो, मोटर चाक फिरवते, चाकाबरोबर एन्कोडर फिरतो, एन्कोडरचे ठोके ‘वैमानिकाने हाताने ट्रिम केले’ म्हणून सिम्युलेटरकडे जातात, ट्रिम आणखी बदलतो, ऑटोपायलट तो उलटा करतो आणि चाक उलटे फिरू लागते. फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या मूळ विमानांत तर ऑटोपायलट उंची राखण्यासाठी ट्रिमचाच वापर करतो, त्यामुळे बाहेरून ट्रिममध्ये होणारी प्रत्येक ढवळाढवळ थेट विमानाच्या नाकावर उमटते.

या आवर्तनाची खूण ओळखायला सोपी आहे. एन्कोडरची तार सोडवताच डोलणे थांबते आणि जोडताच पुन्हा सुरू होते. मोटरच्या बाजूचा दोष असता तर एन्कोडर सोडवल्याने काही फरक पडला नसता. अपवाद फक्त तोच एन्कोडर स्थान जुळवण्यासाठीही वापरलेला असेल तर, कारण मग तार सोडवल्यावर चाक न थांबता पूर्ण वेगाने धावू लागते. म्हणून ही चाचणी करताना एक हात वीजपुरवठ्याच्या बटणावर असावा.

उपाय म्हणजे दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या न ठेवणे. ड्रायव्हरची एनेबल वाहिनी (मोटरची वीज चालू-बंद करणारी) बंद होऊन किमान अर्धा सेकंद उलटला आहे आणि ऑटोपायलट सुटलेला आहे, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय एन्कोडरचा एकही ठोका सिम्युलेटरकडे जाऊ देऊ नये. अर्ध्या सेकंदाची सवड अशासाठी की, वीज बंद झाल्यावरही जड चाक थोडे फिरते आणि ते ठोके हाताचे नसतात. काही जण मोटरच्या आसावर एक आणि चाकाच्या आसावर दुसरा असे दोन एन्कोडर बसवून त्यांच्यातल्या फरकावरून हात ओळखतात. मोटर आणि चाक यांमधला पट्टा घसरू देणारी रचना असेल तर तेही चालते, परंतु तारांचे आणि बिघाडाच्या जागांचे ओझे दुप्पट होते.

यापुढचे एक पाऊल मी आवर्जून सुचवीन. हाताने ट्रिम फिरवण्याची सोय खरोखर हवी आहे का, याचा विचार करावा. नेहमीच्या उड्डाणात ७३७ चा वैमानिक चाकाची दांडी उघडून ट्रिम फिरवत नाही. ती वेळ विजेचा ट्रिम बंद पडल्यावर किंवा कटआउट (ट्रिमची वीज तोडणारे) खटके टाकल्यावर येते. त्या प्रसंगांचा सराव करायचा नसेल, तर एन्कोडर काढून टाकल्याने काहीही बिघडत नाही आणि समस्येचे एक संपूर्ण मूळ नाहीसे होते.

गोल केलेले आकडे आणि अडखळणारी मोटर

एन्कोडर नसतानाही चाक अडखळत, झटके देत फिरत असेल, तर सिम्युलेटरकडून येणारे आकडे फाइलमध्ये नोंदवून पाहावेत. येथे एक हिशेब डोळे उघडणारा आहे. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर ०.०९ युनिटच्या वेगाने ट्रिम दर फ्रेमला ०.००३ युनिट बदलतो. मधल्या प्रोग्रॅमने हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत गोल केला, तर तो तीन-चार फ्रेम तसाच राहतो आणि मग एकदम ०.०१ ने उडी मारतो. लागोपाठच्या दोन आकड्यांच्या फरकावरून वेग काढणाऱ्या कोडला त्या उडीच्या फ्रेममध्ये सेकंदाला ०.३ युनिट, आणि उरलेल्या फ्रेममध्ये शून्य असा वेग दिसतो. मोटरला सेकंदात नऊ वेळा ‘धाव’ आणि ‘थांब’ असे हुकूम मिळतात, आणि आपण गिअरबॉक्स उघडून दाते तपासत बसतो.

सिमकनेक्टकडून (सिम्युलेटरची मूल्ये बाहेर देणाऱ्या जोडणीकडून) माहिती मागताना सेकंदाला एकदा हा पर्याय निवडलेला असेल, तर हाच दोष अधिक ढोबळ रूपात दिसतो: कळ दाबल्यावर चाक जवळजवळ सेकंदभर उशिरा निघते आणि सोडल्यावर तितकेच उशिरा थांबते. प्रत्येक सिम फ्रेमला माहिती येईल असे मागावे. एककही तपासावे, कारण एलिव्हेटर ट्रिम पोझिशन हे मूल्य रेडियनमध्ये येऊ शकते आणि एक अंश म्हणजे ०.०१७४५ रेडियन, त्यामुळे दोन दशांश स्थळांवर गोल केल्यास अर्ध्या अंशाहून मोठ्या पायऱ्या पडतात. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये ट्रिम उणे १ ते अधिक १ या पल्ल्यात मिळतो आणि शून्याच्या दोन्ही बाजूंचा पल्ला अंशांत सारखा असेलच असे नाही. म्हणून काट्यासाठी साधे गुणोत्तर न वापरता, विमान जमिनीवर उभे करून पडद्यावरच्या काट्याची युनिटे आणि मिळणारे मूल्य यांचा छोटा तक्ता करून घ्यावा.

वेगाच्या बाबतीत मात्र मोजमाप जवळजवळ टाळताच येते. फ्लॅप उघडे आहेत की मिटलेले आणि ऑटोपायलट लावलेला आहे की नाही, ही दोन्ही मूल्ये सिम्युलेटरकडून मिळतात. त्यावरून चारांपैकी कोणता वेग लागू आहे हे आधीच ठरते. ट्रिमच्या आकड्याकडून फक्त दोन गोष्टी घ्यायच्या, तो बदलला का आणि कोणत्या दिशेने. बदल दिसताच मोटर ठरलेल्या वेगाने सोडावी आणि शेवटच्या बदलानंतर ठरावीक काळ उलटला की थांबवावी. हा काळ सर्व वेगांना सारखा ठेवू नये. ऑटोपायलटच्या संथ वेगावर दोन उड्यांमध्ये सुमारे ११० मिलिसेकंद जातात, म्हणून तेथे २५० मिलिसेकंद ठेवावेत. उरलेल्या तीन वेगांना ८० मिलिसेकंद पुरतात. सर्वत्र २५० ठेवले, तर मिनिटाला ३६० फेऱ्यांच्या वेगावर कळ सोडल्यानंतर चाक दीड फेरा जास्त फिरेल. काही विमानांच्या प्रतिकृतींत ऑटोपायलट ट्रिम सलग न सरकवता स्वतःच्या वेगळ्याच गतीने हलवतो. तेथे दहा फ्रेमची सरासरी काढून वेग ठरवावा.

काटा चाकापासून वेगळा करून छोट्या सर्व्होवर (सांगितलेल्या कोनावर थांबणाऱ्या मोटरवर) बसवला की उरलेला प्रश्न सुटतो. चाकाच्या आसावरच्या आटेदार सळीने काटा हलवणारी रचना देखणी असते, पण पट्टा एकदा घसरला की काटा कायमचा चुकीचे सांगू लागतो. सर्व्होवरच्या काट्याला दर वेळी खरा आकडा मिळतो, त्यामुळे त्याची चूक साठत जात नाही.

मोटर, ब्रेक आणि पीडब्ल्यूएम

हुकूम स्वच्छ जात असूनही चाक संथ वेगावर निघतच नसेल किंवा थांबताना पुढे वाहत असेल, तर आता मोटरकडे वळावे.

भंगारातून मिळणारी गाडीच्या वायपरची मोटर या कामासाठी वारंवार सुचवली जाते आणि वारंवार निराशा करते. तिचा आस मिनिटाला साधारण ४५ आणि ६५ फेरे फिरतो, म्हणजे ३६० फेऱ्यांसाठी वेग साडेपाच पट वाढवणारा पट्टा लावावा लागतो आणि तेवढ्याच पटीने जोर घटतो. तिच्यातला वर्म गिअर चाकाकडून उलटा फिरत नाही, त्यामुळे मोटर थांबली की चाक जणू वेल्ड केल्यासारखे घट्ट होते. शिवाय अनेक वायपर मोटरांत ऋण ब्रश आतून आवरणाला जोडलेला असतो. एच-ब्रिज या सर्किटने दिशा उलटवली की आवरणावर १२ व्होल्ट येतात, आणि ते आवरण धातूच्या चौकटीला टेकलेले असेल तर सरळ शॉर्ट होतो. मल्टिमीटरने टर्मिनल आणि आवरण यांच्यात सातत्य तपासल्याशिवाय अशी मोटर बसवू नये. मिनिटाला ४०० ते ५०० फेरे देणारी, साध्या किंवा प्लॅनेटरी गिअरची १२ किंवा २४ व्होल्टची डीसी मोटर या कामाला योग्य आहे.

मोटर ८१ फेऱ्यांच्या वेगावर निघत नाही, कारण स्थिर चाकाला हलवायला लागणारा जोर ते फिरते ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. सुरुवातीचे ८० ते १०० मिलिसेकंद मोठा ड्यूटी सायकल (वीज चालू असण्याचा वाटा) देऊन मग तो खाली आणावा. ड्रायव्हर म्हणून एल२९८एन वापरला असेल, तर त्याच्यातच सुमारे २ व्होल्ट खर्च होतात आणि संथ वेगावरची मोटर आणखी लंगडी होते. बीटीएस७९६० चिपचे तयार मॉड्यूल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारावे. त्यात ही घट खूपच कमी असते. चाकातून बारीक शिट्टी येत असेल, तर तो आर्डुइनोचा ४९० हर्ट्झचा मूळ पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवण्याची पद्धत) असतो. टायमरचे विभाजन बदलून वारंवारता २० किलोहर्ट्झच्या वर न्यावी, पण बीटीएस७९६० ला २५ किलोहर्ट्झची मर्यादा आहे हे लक्षात ठेवावे. आर्डुइनो उनोच्या टायमरचा सोपा ३१ किलोहर्ट्झचा पर्याय त्याला जास्त होतो.

थांबण्याच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एनेबलमध्ये सापडते. थांबवण्यासाठी एनेबल बंद केल्यास मोटर मोकळी सुटते आणि जड चाके तिला ओढत नेतात. एनेबल चालू ठेवून दोन्ही पीडब्ल्यूएम शून्य केल्यास मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात आणि ती स्वतःच ब्रेक होते. हा ब्रेक २०० मिलिसेकंद ठेवून मग एनेबल बंद करावे, म्हणजे चाक हातालाही मोकळे राहते. फक्त ब्रेक आणि लगेच उलटी दिशा असा क्रम टाळावा, कारण मोटरने परत ढकललेल्या विजेमुळे काही एसएमपीएस (वीजपुरवठ्याचे डबे) स्वतःला बंद करून घेतात. ड्रायव्हरजवळ २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दिशा बदलताना १०० मिलिसेकंदांची उसंत एवढ्याने हे बहुधा टळते.

स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: संथ वेगावर उत्तम, फ्लॅप सोडले की नुसता गुणगुणाट आणि चाक स्तब्ध. फेऱ्याला २०० पावले असलेल्या मोटरला ३६० फेऱ्यांसाठी सेकंदाला १,२०० पूर्ण पावले लागतात; एक-अष्टमांश मायक्रोस्टेपिंगवर (प्रत्येक पावलाचे आठ भाग केल्यावर) ती ९,६०० होतात, आणि १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोवर ॲक्सेलस्टेपर लायब्ररी सेकंदाला सुमारे ४,००० पावलांपर्यंतच विश्वासार्ह चालते. अर्ध्या पावलावर, म्हणजे २,४०० वर यावे आणि वेग हळूहळू चढवावा. त्याच लूपमध्ये ९,६०० बॉडवर भरमसाट सिरियल प्रिंट (संगणकाकडे पाठवायच्या नोंदी) असतील तर तेही काढावेत, कारण बफर भरला की प्रोग्रॅम तिथेच थांबून राहतो आणि पावले चुकतात.

यूएसबी तुटणे आणि यांत्रिक अडथळे

मोटर सुरू होताच विंडोजमधून उपकरण गेल्याचा आणि परत आल्याचा आवाज येत असेल, तर तो विजेचा प्रश्न आहे. मोटरला स्वतंत्र पुरवठा असावा, दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके ड्रायव्हरपाशी एकाच बिंदूवर मिळावीत, मोटरच्या टर्मिनलांवर आणि प्रत्येक टर्मिनलपासून आवरणापर्यंत १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावेत, मोटरच्या तारा पिळून घ्याव्यात आणि यूएसबीच्या तारेपासून दूर न्याव्यात. मोटर शांत असतानाच उपकरण गळत असेल, तर विंडोजमधली यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडची सोय बंद करावी.

यांत्रिक तपासणी पट्टा काढून करावी. हाताने दिलेल्या एका झटक्यात चाक दोन-तीन फेरे मोकळे फिरले पाहिजे. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडत असेल, तर दोन्ही बाजूंची बेअरिंगे एका रेषेत नाहीत. पुलीचा ग्रब स्क्रू गोल आसावर कितीही आवळला तरी सुटतो, म्हणून आसावर कानशीने सपाट जागा करून मगच तो बसवावा.

बेकाबू चाकाची व्यवस्था

सिम्युलेटर अचानक बंद पडला आणि शेवटचा हुकूम ‘पुढे फिर’ असा होता, तर मोटर फिरतच राहते. ही चाके गुडघ्यापाशी असतात, आणि उघडी राहिलेली दांडी जोरात लागते. संगणकाकडून दर १०० मिलिसेकंदांना ‘जिवंत आहे’ असा निरोप यावा आणि ५०० मिलिसेकंद तो आला नाही तर आर्डुइनोने मोटर थांबवावी. सिमकनेक्टला फक्त बदललेली मूल्ये मागितली असतील, तर स्थिर उड्डाणात निरोपच येत नाहीत आणि हा पहारेकरी विनाकारण मोटर अडवतो. म्हणून जिवंतपणाचा निरोप ट्रिमच्या आकड्यापासून वेगळा ठेवावा.

पेडेस्टलवरचे कटआउट खटके सिम्युलेटरला तर जोडावेतच, शिवाय मोटरच्या पुरवठ्यातही घालावेत. एनजीमध्ये एक खटका मुख्य विद्युत ट्रिमचा आणि दुसरा ऑटोपायलटचा असतो, म्हणून मोटरचा पुरवठा दोन्ही खटके टाकल्यावरच तुटेल अशी जोडणी करावी आणि एकच टाकल्यावर थांबायचे की नाही ते सिम्युलेटरच्या आकड्यावर सोडावे. स्टॅबिलायझर बेकाबू झाल्यावर खटके टाकूनही चाक फिरत राहिले, तर ते हाताने घट्ट धरायचे, असे वैमानिकाला शिकवलेले असते. त्यामुळे आपले चाकही धरता आले पाहिजे. बीटीएस७९६० च्या करंट मोजणाऱ्या पिना आर्डुइनोला जोडून, चाक धरले की वाढणारा प्रवाह ओळखावा आणि मोटर सोडून द्यावी. पुरवठ्यात योग्य फ्यूज असावाच.

हे सर्व झाल्यावर तपासणी चारही वेगांवर करावी: ऑटोपायलट लावून आणि सोडून, फ्लॅप मिटून आणि उघडून. या तपासणीत उड्डाणानंतर ऑटोपायलट न लावता, कळीला हात न लावता चाक अधूनमधून आपोआप थोडे फिरताना दिसेल. ते चांगल्या प्रतिकृतीत तसेच व्हायला हवे, कारण ७३७ ची स्पीड ट्रिम यंत्रणा (वेगानुसार स्वतः ट्रिम करणारी) जमीन सोडल्यानंतर १० सेकंदांनी आणि ट्रिमची कळ सोडल्यानंतर ५ सेकंदांनी काम सुरू करू शकते. शंका असेल तर ऑटोपायलट लावून पाहावे. स्पीड ट्रिम तेव्हा बाजूला होते, आणि त्यानंतरही चाक डोलत राहिले तरच एन्कोडरची तार पुन्हा सोडवावी.